नकलेचे मोल : डिस्क क्लोनिंग, बॅकअप आणि काही रूढ गैरसमज

जुन्या संगणकातील मंद झालेली हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे लवकरच एक दुसराच प्रश्न उभा राहतो : विंडोज, टॅली, मराठी अक्षरजुळणीची साधने, मुलांची छायाचित्रे आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार हे सारे जसेच्या तसे नव्या डिस्कवर न्यायचे, तर त्यासाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे काय? दुकानदार एक नाव सुचवतो, जाहिरात दुसरे सुचवते, आणि शेजारचा संगणकातला जाणकार ‘हे तर फुकट होते’ एवढेच सांगून मोकळा होतो. तिघांच्याही म्हणण्यात सत्याचा थोडाथोडा अंश असल्यामुळे ज्याला निर्णय घ्यायचा असतो त्याचा गोंधळ अधिकच वाढतो. हा गोंधळ केवळ वर्गणीच्या रकमेपुरता असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु चुकीच्या समजावर विसंबून राहिलेल्या माणसाला आपली चूक ज्या दिवशी कळते तो दिवस बहुधा डेटा कायमचा गेल्याचा असतो, आणि म्हणून या समजांची छाननी वेळीच झालेली बरी.

प्रथम दोन कामांची फारकत करावयास हवी. क्लोन म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर उतरवलेली अशी नक्कल, की मूळ डिस्क काढून तिच्या जागी ही बसवली असता संगणक पूर्ववत सुरू व्हावा. हे काम डिस्क बदलताना, म्हणजे काही वर्षांतून एकदाच करावयाचे असते. बॅकअप ही त्याउलट सतत चालणारी तजवीज आहे : आजचा, कालचा, गेल्या महिन्याचा असा निरनिराळ्या तारखांचा डेटा जपून ठेवायचा, आणि प्रसंग येईल तेव्हा त्यांपैकी हवा तो परत आणायचा. या दोहोंच्या मध्ये इमेज नावाचा प्रकार आहे, ज्यात संपूर्ण डिस्कची नक्कल एका मोठ्या फाइलीच्या रूपाने अन्यत्र साठवली जाते आणि एकाच एक्स्टर्नल डिस्कवर अशा अनेक तारखांच्या इमेजेस ठेवता येतात. ‘डिस्कचा क्लोन काढून कपाटात ठेवला आहे, आता बॅकअपची चिंता नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण तो क्लोन ज्या दिवशी काढला त्या दिवसाचाच साक्षीदार असतो, त्यानंतर केलेल्या कामाची त्याला वार्ता नसते, आणि तो अद्ययावत करावा तर आधीची अवस्था पुसली जाते. गेल्या आठवड्यात बिघडलेली हिशेबाची फाइल आज क्लोनवर उतरली, की चांगली प्रत कोठेच उरत नाही.

याहूनही सार्वत्रिक, आणि आपल्याकडील संगणकविक्रीच्या रिवाजातून आलेला समज म्हणजे ‘डी ड्राइव्हवर कॉपी आहे’ हा. संगणक देतानाच दुकानदार एका डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो, आणि सी मध्ये विंडोज व डी मध्ये आपला डेटा अशी वाटणी अनेक घरांत व कार्यालयांत रूढ होऊन बसली आहे. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली असता या वाटणीचा उपयोग होतो, हे खरेच. परंतु सी आणि डी हे एकाच भौतिक वस्तूचे दोन कप्पे आहेत, आणि घराच्या खरेदीखताची नक्कल करून ती मूळ खताबरोबर एकाच ट्रंकेत ठेवावी, तसाच हा प्रकार होय. डिस्क गेली म्हणजे दोन्ही भाग एकदमच जातात. ‘गेलीच तर रिकव्हरीवाल्याकडे नेऊ’ हा त्यापुढचा दिलासाही आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. हार्डडिस्कवरून पुसलेली फाइल, तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, पुष्कळदा परत मिळवता येत असे. एसएसडीच्या बाबतीत मात्र कोणत्या जागा रिकाम्या झाल्या हे विंडोज ट्रिम नावाच्या आज्ञेने डिस्कला कळवते, डिस्क आपल्या सवडीने त्या जागा आतून साफ करते, आणि एकदा तसे झाले म्हणजे कुशलातल्या कुशल तंत्रज्ञाच्याही हाती सहसा काही लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विकतचे सॉफ्टवेअर अधिक शुद्ध, अधिक बिनचूक नक्कल करते, हा समज निराधार आहे. डिस्कवरील मजकूर वाचून दुसऱ्या डिस्कवर लिहिणे ही क्रिया मोफत आणि सशुल्क दोन्ही साधनांत तत्त्वतः एकच असते. संगणक चालू असताना, टॅली किंवा आउटलुकची फाइल उघडी असताना, तिची सुसंगत नक्कल घेण्याची जी सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सांगितली जाते, ती मुळात विंडोजच्याच व्हॉल्यूम शॅडो कॉपी या अंतर्गत सेवेतून आलेली असते आणि अनेक मोफत साधनेही तिचाच आधार घेतात. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग या संस्थेत विकसित होणारे क्लोनझिला हे मुक्त परवान्याचे साधन पेन ड्राइव्हवरून चालते, डिस्कवरील केवळ वापरलेल्या जागांचीच नक्कल करीत असल्याने वेळ वाचवते, आणि जगभरच्या संगणक प्रयोगशाळांत ते वर्षानुवर्षे वापरात आहे. त्याच्या उणिवा त्याचे निर्मातेच उघडपणे सांगतात : संगणक चालू असताना ते काम करीत नाही, आधीच्या इमेजनंतर झालेला फरक तेवढाच टिपण्याची सोय त्यात नाही, इमेज उघडून तिच्यातली एकच फाइल काढून घेता येत नाही, आणि नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. ज्याला त्याचे अक्षरी पडदे अवघड वाटतात त्याच्यासाठी त्याच्याच इमेजेस वाचणारे, चित्रमय पडद्यांचे रेस्क्यूझिला उपलब्ध आहे, आणि तेही विनामूल्य.

नव्या डिस्कच्या आकाराची जी अट वर सांगितली, तिच्यातच पैसे भरण्याच्या बहुतेक कारणांचा उगम आहे. ५०० जीबीच्या हार्डडिस्कच्या जागी ४८० जीबीची एसएसडी आणली, तर जुन्या डिस्कवर प्रत्यक्षात दीडशेच जीबी भरलेले असले तरी क्लोनझिला आपण होऊन ते सामावून घेणार नाही. आधी विभाग आखडून घ्यावा लागेल, आणि ते काम ज्याने कधी केलेले नाही त्याने ते पहिल्यांदाच आपल्या एकमेव प्रतीवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सशुल्क साधने हे आखडण्याचे काम परस्पर करतात. तथापि, केवळ एवढ्यासाठी वर्षाची वर्गणी भरण्याआधी नव्या एसएसडीचे खोके नीट पाहावे : सॅमसंग आपल्या एसएसडीसाठी स्थलांतराचे साधन मोफत देते, वेस्टर्न डिजिटल आणि क्रूशल यांनी ॲक्रोनिस ट्रू इमेजची आपापल्या डिस्कपुरती मर्यादित आवृत्ती ग्राहकांना विनामूल्य दिलेली आहे, आणि अट एवढीच असते, की त्या कंपनीची डिस्क संगणकाला जोडलेली असावी. ज्या कामासाठी ग्राहक स्वतंत्र सॉफ्टवेअर शोधत असतो, त्याचे मोल पुष्कळदा त्याने डिस्कच्या किमतीतच चुकते केलेले असते.

क्लोन फसण्याची जी कारणे प्रत्यक्षात आढळतात, त्यांचाही सॉफ्टवेअरच्या किमतीशी फारसा संबंध नसतो. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळखखूण एकच असते. दोन्ही जोडलेल्या ठेवून संगणक सुरू केला तर त्यांतली एक विंडोज बाजूला ठेवते किंवा संगणक जुन्याच डिस्कवरून सुरू होतो, आणि वापरणारा ‘क्लोन झालाच नाही’ असा निष्कर्ष काढतो. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवली, की हा घोटाळा टळतो. दुसरी बाब कूटबद्धतेची. विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत, नव्याने स्थापना करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला असता, डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध होते, आणि पुष्कळांना आपली डिस्क कुलूपबंद आहे याची कल्पनाही नसते. अशी डिस्क पेन ड्राइव्हवरील साधनाने वाचू जाता ते साधन आतला मजकूर ओळखू शकत नाही आणि प्रत्येक जागेची आंधळी नक्कल करते, तर नव्या डिस्कवरून संगणक सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी होऊ शकते. ती की आधी शोधून कागदावर उतरवून ठेवणे हे कोणतेही सॉफ्टवेअर निवडण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे. आणि डिस्क आधीच टकटक वाजू लागली असेल, फाइली उघडताना अडखळत असेल, तर सामान्य क्लोनचे साधन, मग ते विकतचे असो वा मोफत, हाती घेऊच नये. अशा डिस्कसाठी ग्नू प्रकल्पाचे डीडी-रेस्क्यू हे मोफत साधन आहे, जे आधी चांगला भाग वाचून घेते, कोठे अडले त्याची नोंद ठेवते आणि खराब भागाकडे मागाहून वळते. त्या डिस्कवर काही बहुमोल असेल तर ती तत्काळ बंद करून जाणकाराच्या स्वाधीन करणे हेच इष्ट.

‘सगळे गूगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर आहे’ असे म्हणून निश्चिंत होणाऱ्यांची संख्या वाढत आहे. दोन जागी एकच मजकूर सतत सारखा ठेवणे ही या सेवांची मूळ कामगिरी. तेव्हा एका जागी फाइल पुसली गेली किंवा बिघडली, की तो बदलही तितक्याच तत्परतेने दुसऱ्या जागी पोहोचतो. पुसलेल्या फाइली कचरापेटीत साधारण ३० दिवस राहतात, एवढीच मुदत. दिवाळीत पुसलेली फाइल मार्च महिन्यात हिशेब मिटवताना आठवली तर ती मिळत नाही. या तत्त्वाचे सर्वांत मोठे प्रत्यंतर २७ जून २०१७ रोजी आले. नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर निकामी केले, आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, ते एकमेकांच्या नोंदी सतत जुळवून घेत असत, आणि एक गेला तरी बाकीचे आहेत या भरवशावर त्यांची स्वतंत्र नक्कल ठेवलेली नव्हती; ते सारे एकाच वेळी गेले. घानातील कार्यालयात वीज गेल्यामुळे तेथील एक सर्व्हर योगायोगाने जाळ्यापासून तुटलेला होता, तेवढा वाचला आणि त्याच्यावरून पुढची उभारणी झाली. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. पैशांची ददात नसलेल्या कंपनीची ही हकीगत आहे. तिला तारले ते महागड्या सॉफ्टवेअरने नव्हे, तर तारेने न जोडलेल्या एका प्रतीने. घरच्या माणसाने यातून घ्यायचे ते एवढेच, की बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, अष्टौप्रहर संगणकाला जोडलेली ठेवू नये.

‘विंडोजमध्येच सर्व सोय आहे’ हेही अर्धसत्यच. संपूर्ण डिस्कची इमेज घेण्याची विंडोज ७ च्या काळातील सोय नियंत्रण-पटलात अजून सापडते, परंतु २०१७ सालीच मायक्रोसॉफ्टने ती मोडीत निघणाऱ्या सोयींच्या यादीत घातली आणि अशा कामासाठी इतरांची साधने वापरण्याची शिफारस केली. विंडोज ११ मध्ये बॅकअप या नावाने जे दिसते ते प्रामुख्याने निवडक फोल्डर आणि सेटिंग वनड्राइव्हवर नेते, आणि तेथे मोफत जागा अवघी ५ जीबी. विंडोजमधलीच फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय मात्र घरगुती फाइलींसाठी आजही कामाची आहे. मॅक वापरणाऱ्यांना २००७ पासून टाइम मशीन हे बॅकअपचे अंगभूत साधन लाभलेले असल्याने त्यांच्यापुरता हा प्रश्न पुष्कळसा सुटलेला आहे.

मोफत सॉफ्टवेअर केव्हाही बंद पडेल, विकतचे टिकेल, असेही म्हटले जाते. पहिला भाग खरा आहे : मॅक्रियम रिफ्लेक्ट या ब्रिटिश साधनाची मोफत आवृत्ती घराघरांत वापरली जात होती, तिच्या सुधारणा २०२४ च्या प्रारंभापासून थांबल्या. पण दुसरा भाग इतिहासाला धरून नाही. आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांतून ज्याच्या नावाने ‘घोस्ट मारणे’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला, ते न्यूझीलंडमध्ये जन्मलेले घोस्ट सिमँटेकने १९९८ मध्ये विकत घेतले, वर्षानुवर्षे पैसे घेऊन विकले, आणि २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री बंद केली. ॲक्रोनिसने २०२१ मध्ये एकदाच पैसे भरून कायमचा परवाना देण्याची पद्धत सोडून वार्षिक वर्गणी सुरू केली. मॅक्रियमनेही पुढे तोच मार्ग धरला. म्हणून पैसे भरण्यापूर्वी करारनाम्यात एक बाब अवश्य पाहावी : वर्गणीची मुदत संपल्यावर जुन्या इमेजमधून डेटा परत काढता येतो किंवा नाही. जी कंपनी याचे लेखी आणि स्पष्ट उत्तर देत नाही, तिच्या हवाली आपले दप्तर करू नये.

या सर्वांहून घातक समज मात्र वेगळाच आहे, आणि तो मोफत साधने वापरणाऱ्यांत जितका आढळतो तितकाच सशुल्क साधने वापरणाऱ्यांतही आढळतो : ‘बॅकअप यशस्वी झाला’ असा संदेश पडद्यावर आला, म्हणजे बॅकअप आहे. गिटलॅब ही संगणक-आज्ञावली सांभाळणाऱ्यांची नामांकित कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याकडून, दोन सर्व्हरपैकी कोणावर आपण काम करीत आहोत याचा घोटाळा होऊन, मुख्य डेटाबेसचाच साठा पुसला गेला. बॅकअपची एक नव्हे, अनेक साधने तेथे योजलेली होती. प्रत्यक्ष पाहता असे आढळले, की नित्याचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा असल्याने मुकाट्याने अयशस्वी होत होता, त्यामुळे नकला साठवण्याची जागा रिकामीच होती, आणि तो अयशस्वी झाल्याची सूचना देणारी ईमेल पत्रे पलीकडे स्वीकारलीच जात नव्हती, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. सुमारे सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने चाचणीसाठी म्हणून हाताने घेतलेली एक नक्कल होती, तिच्यावरून काम पुन्हा उभे राहिले आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सारे आपण होऊन प्रसिद्ध केले, हे तिला भूषणावहच आहे. ज्यांचा व्यवसायच संगणक त्यांची ही कथा, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा करसल्लागार, लग्नाची छायाचित्रे जपणारा स्टुडिओ, डीटीपीचे काम करणारा छोटा छापखाना यांनी आपल्या बॅकअपची खातरजमा कधी केली असेल काय? ती करण्यास तज्ज्ञ लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधील काही फाइली दुसऱ्याच संगणकावर काढून उघडून पाहाव्यात, आणि इमेजवर भिस्त असेल तर तिचा बचावासाठीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू होतो व इमेज त्याला दिसते, एवढे तरी पाहावे.

फुकट आणि विकत यांच्या मधला तिसरा मार्ग म्हणून ‘क्रॅक’ केलेली आवृत्ती आपल्याकडे सर्रास दिली-घेतली जाते. तिच्याविषयी कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरा उरतोच. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला डिस्कवरील प्रत्येक अक्षर वाचण्याचा आणि पुसण्याचा अधिकार द्यावा लागतो, आणि तो अधिकार एखाद्या अज्ञात इसमाने फेरफार केलेल्या प्रोग्रामला देणे म्हणजे आपली सारी कागदपत्रे अनोळखी माणसाच्या स्वाधीन करणे होय. इतकी उत्तम साधने विनामूल्य असताना हा धोका पत्करण्याचे कारणच नाही.

मग पैसे द्यावेत कोणी? केवळ एकदा डिस्क बदलायची आहे त्याने देऊ नयेत. घरगुती वापरासाठी नियमित बॅकअप हवा आहे त्यानेही आधी तो पैसा एका चांगल्या एक्स्टर्नल डिस्कवर, आणि जमल्यास दुसरीवर खर्च करावा. विंडोज मायक्रोसॉफ्टकडून पुन्हा विनामूल्य उतरवून घेता येते, तिचा डिजिटल परवाना त्याच संगणकाशी बहुधा जोडलेला असतो, परंतु आईवडिलांची छायाचित्रे आणि स्वतःचे लेखन पुन्हा उतरवून घेता येत नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम पुरेसा आहे : मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. संपूर्ण संगणकाची रोजची इमेज हवी असेल तर वीम एजंटची मोफत आवृत्ती एका संगणकापुरते ते काम व्यवस्थित करते. याउलट, ज्या कार्यालयात पाच-दहा संगणक आहेत, जेथे एक दिवस काम बंद राहिल्यास होणारे नुकसान वर्षाच्या वर्गणीहून अधिक आहे, जेथे बॅकअप चुकला तर कोणाला तरी तत्काळ कळले पाहिजे आणि अडचण आली तर फोनवर विचारायला जबाबदार माणूस हवा, तेथे सशुल्क सॉफ्टवेअर घेणे हा अनाठायी खर्च नव्हे; शिवाय काही मोफत आवृत्त्यांच्या करारनाम्यात केवळ घरगुती वापराची मुभा असते, तेव्हा व्यवसायात त्या वापरणे नियमबाह्य ठरते. खर्च मंजूर करणाऱ्याने मात्र हे ध्यानी ठेवावे, की तो नक्कल घेण्यासाठी पैसे देत नसून ती परत आणण्याच्या सोयीसाठी देत आहे.

बहुतेक कंपन्या काही दिवसांची मोफत चाचणी देतात. त्या मुदतीत नक्कल घेऊन थांबू नका. एखादी रिकामी डिस्क जोडून त्या नकलेतून आपला डेटा तिच्यावर परत आणा, त्यातली टॅलीची फाइल आणि जुने छायाचित्र उघडून पाहा, आणि हे काम जमले तरच पैसे भरा.